जुन्या मापाचा झगा

९ जानेवारी

भाऊजींना,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आमच्या दुकानाचा मालक, पेटीवाला, तुम्हाला पत्र घालणार आहे. त्याने तसं चारचौघांत बजावलं, आणि त्याचा स्वभाव बघता एव्हाना घातलंही असेल. तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. तुमच्या धाकट्या भावाची बायको दुकानात दंगा करते, कापडाची नासाडी करते आणि मालकाला उलट उत्तरं देते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुम्ही पाळक. तुम्ही माणसं पुरता, पण पेटीचं झाकण लागल्यावर तुमचं काम सुरू होतं आणि आमचं तोवर संपलेलं असतं. म्हणून हे तुमच्या नजरेस आलं नसेल. आमच्या दुकानात पुढे शवपेट्या बनतात आणि मागच्या खोलीत मी आणि काजबटणं करणारी म्हातारी, अशा आम्ही दोघी मयताचे झगे शिवतो. हा झगा समोरून बघावा तर काय थाट. कॉलर, बटणं, मनगटाला पट्टी, पुरुषाचा असेल तर कोटाची छाती. मागे काहीही नाही. पाठच नसते त्याला. मानेशी दोन नाड्या, बाकी कडा अंगाखाली खोचून द्यायच्या. ताठलेल्या अंगावर चढवायला सोपं जातं आणि कापड निम्मं लागतं, म्हणून ही रीत. मी वर्षानुवर्षं तेच शिवत आले आणि मला कधी काही वाटलं नाही.

मग गेल्या साली हे गेले. पेटीवाला नको नको म्हणत असताना, मयताला झगा चढवतात त्या खोलीत मी उभी राहिले. ह्यांना एका अंगावर वळवलं तेव्हा मला ह्यांची पाठ दिसली. उघडी, आणि तिच्याखाली फळी. त्या पाठीला मी हिवाळाभर तेल चोळलं आहे, भांडणात दोन-चार गुद्देही घातले आहेत. समोरून मात्र शुभ्र बटणांची रांग, माझ्याच हातची. नवऱ्याला फसवून वाटेला लावतोय असं वाटलं मला. त्या दिवशी बोलले नाही.

आता बोलते. दर रविवारी आपण उभं राहून म्हणतो की मेलेले उठणार आहेत. मग जो उठून चालणार आहे त्याला मागून उघडा कोण पाठवतो? म्हणून नाताळ झाल्यापासून मी झग्याला पाठ लावते. मागे दोन पाखे, एकावर एक येणारे, मानेपासून खालपर्यंत बटणं आणि त्यांना खरीखुरी काजं. मालक म्हणतो, घालायला वेळ जातो. मी म्हटलं, घाई तुम्हाला आहे, त्यांना नाही.

त्याला उत्तर द्याल ते पाळक म्हणून द्या नाहीतर मोठे दीर म्हणून द्या, पण माझ्या बाजूने द्या. मला ही नोकरी हवी आहे आणि पाठही हवी आहे. जाऊबाईंना सलाम.

तुमची,
धाकटी


२३ जानेवारी

चि. धाकटीस,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

पेटीवाल्याचं पत्र तुझ्या पत्राआधी पोचलं. त्यात तू कबूल केलेल्या तीन गोष्टींखेरीज चौथीही आहे. तू त्याची कात्री खिडकीतून रस्त्यावर फेकलीस. ती तुझ्या पत्रातून कशी काय गळली?

माझं ऐकशील तर थोडं सबुरीने घे. तुझं दुःख मला कळतं. तो माझा भाऊ होता. पण आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं तुझं चाललं आहे. तू रागावली आहेस मरणावर आणि चिडते आहेस कापडावर. आपण देह मातीत ठेवतो तो बी पेरल्यासारखा. पेरताना कुणी बियाला सदरा शिवत नाही. उगवून येईल ते निराळंच असेल, आणि त्याला काय नेसवायचं ते नेसवणारा समर्थ आहे.

आणि मुद्द्याचं सांगतो. प्रभू स्वतः उठला तेव्हा अंगावरची वस्त्रं कबरेतच ठेवून गेला. म्हणजे तुझ्या झग्याला पाठ असली काय आणि नसली काय, ती जाणार आहे मातीतच. आपला धाकटा तर लहानपणी अंगात सदरा ठेवतच नसे. आईने एका दारातून घालावा आणि ह्याने दुसऱ्या दारातून काढावा. पाठ उघडी राहिली म्हणून तो तुझ्याकडे तक्रार करणाऱ्यातला नाही.

पेटीवाल्याला मी मोघम लिहिलं आहे. नोकरी सांभाळ. या वयात दुसरी कुठे शोधत बसशील? थोरली बरी आहे. तिला सध्या लिहायला सवड होत नाही.

तुझा,
भाऊजी


६ फेब्रुवारी

भाऊजींना,
सप्रेम सलाम.

कात्री बोथट होती.

तुमचं पत्र मी मशीनवर ठेवून दोनदा वाचलं. बियाचं पटण्यासारखं आहे, मी नाही म्हणत नाही. प्रभूने वस्त्रं कबरेत ठेवली हेही खरं. पण ती कशी ठेवली ते तुम्ही सोयीस्करपणे विसरलात. डोक्याचा रुमाल गुंडाळून, वेगळा, एका बाजूला. टाकून पळाला नाही तो. भाऊजी, मी कापडात जन्म काढला आहे. फडक्याची कुणी घडी घालत नाही. जे धड असतं, ज्याला मान असतो, त्याचीच घडी होते. आमच्या दुकानातला झगा उठणाऱ्याने काढून ठेवायचा म्हटलं तरी त्याला लाज वाटेल.

तुम्ही हसाल. हसा. पण आणखी एक ऐका. ह्यांच्या मातीला आलेला प्रत्येक माणूस मला म्हणाला की देवाची इच्छा. दूधवाला म्हणाला, शाळेच्या बाई म्हणाल्या, तुमच्या जागी इथे असलेले पाळकही म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्रभू आपल्या मित्राच्या कबरेपाशी जाऊन रडला होता. मरण त्याला एवढं पसंत असतं तर तो रडला असता का? मग माझ्याकडूनच गोड मानून घेण्याची अपेक्षा का?

इकडची हकीकत अशी. पेटीवाल्याने कापडाच्या कपाटाला कुलूप लावलं. मी घरच्या चादरी नेल्या. त्याने म्हातारीला काजं करायला मनाई केली. मी काजं घरी करून आणली. परवा कोपऱ्यावरच्या न्हाव्याची आई वारली. न्हावी दुकानात आला आणि पेटीवाल्याच्या तोंडावर म्हणाला, ‘पाठ लावलेला असतो म्हणे, तो द्या.’ पेटीवाल्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. न्हाव्याने आईच्या मागची सगळी बटणं स्वतः लावली आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. त्याच संध्याकाळी मला सांगण्यात आलं की महिनाअखेरपर्यंत शिस्तीत शिवायला लागा, नाहीतर घरी बसा.

जाऊबाईंच्या दोन ओळी कुठे आहेत? मी लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हापासून तुमच्या प्रत्येक पत्राखाली त्यांच्या दोन ओळी असतात, बहुतेक वेळा तुमच्या पत्राला खोडून काढणाऱ्या. या खेपेला त्या तुमच्या पक्षात गेलेल्या दिसतात. त्यांना म्हणावं, रुसायचं तर लिहून रुसा.

धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटीस,

आता हे बस कर.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं नाही. तू ज्याला विश्वास म्हणतेस ते शुद्ध खूळ आहे. एका माणसाचा राग सगळ्या गावाच्या मयतांना नेसवत सुटली आहेस. चादरी फाडून, म्हाताऱ्या बाईला कामाला जुंपून, मालकाशी वैर घेऊन तू काय मिळवलंस? जो गेला त्याच्या पाठीला थंडी वाजत नाही. त्याला काहीच वाजत नाही.

घडी होती की चुरगळा होता यावर वाद घालण्याचं त्राण माझ्यात नाही. मी या दोन हातांनी किती माणसं मातीत घातली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण एकालाही उठताना मी पाहिलेलं नाही. त्यांना झगा काय, पाठ काय, आणि बटणं काय.

शिस्तीत शिवायला लाग. मला पुन्हा या विषयावर लिहू नकोस.

भाऊजी


२५ फेब्रुवारी

भाऊजींना,

लिहू नकोस म्हणालात म्हणून लगेच लिहायला बसले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणारे तुम्ही नव्हे. तुम्ही साधी कार्डंसुद्धा आधी कच्ची लिहून मग पक्की करता. तेव्हा ‘एकालाही उठताना पाहिलेलं नाही’ हे वाक्य तुम्ही जाणूनबुजून लिहिलंत, किंवा लिहून गेल्यावर खोडायची ताकद राहिली नव्हती. पहिलं असेल तर मी भांडायला तयार आहे. दुसरं असेल तर तुमच्या घरात काहीतरी बिघडलं आहे.

आधी भांडते. मीही कुणाला उठताना पाहिलेलं नाही. स्वर्गाबद्दल माझं ज्ञान शून्य आहे. तिथले रस्ते सोन्याचे आहेत की धुळीचे, तिथे खुर्च्या आहेत की चटया, मला ठाऊक नाही. ह्यांना मी रात्रंदिवस हाक मारली आहे आणि एकदाही ओ आलेली नाही. पण मरणाने हात लावला की ते माणूस त्याचं झालं, हे मी कबूल केलेलं नाही आणि करणार नाही. प्रभूने कबूल केलं नाही, मग मी कोण लागून गेले? मला बरं वाटावं म्हणून मी हे धरून ठेवलेलं नाही. बरं वाटायचं असतं तर ‘देवाची इच्छा’ म्हणून कधीच गप्प बसले असते. मला बरं वाटत नाही, भाऊजी. मी चिडलेली आहे आणि चिडून मी शिवते. तुम्ही चिडून काय करता?

आणि आता दुसरं. जाऊबाईंच्या दोन ओळी या पत्रातही नाहीत. त्या माझ्यावर रुसल्या असं मी समजत होते. पण तुमच्या मागल्या पत्रात त्या बऱ्या होत्या आणि या पत्रात त्यांचं नावच नाही. बऱ्या असत्या तर त्यांनी तुम्हाला असं पत्र पाठवू दिलं असतं का? त्यांनी ते तुमच्या हातून काढून घेऊन चुलीत घातलं असतं. खरं काय ते कळवा. पाळक म्हणून नको, दीर म्हणून कळवा.

नोकरी गेली. महिनाअखेरची वाट न बघता मीच आले. मशीन माझं आहे, ते हातगाडीवर घालून घरी आणलं. ते आता खिडकीपाशी आहे.

धाकटी


४ मार्च

माझ्या धाकटीला,
थोरलीचे आशीर्वाद.

ही अक्षरं पेन्सिलची आहेत कारण पेन जड लागतो. भाऊजी तुझे बाहेर कुणाच्या तरी लग्नाचं ठरवायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. तुझं पत्र त्यांनी गादीखाली लपवलं होतं. माझ्याच गादीखाली. यावरून त्यांचं सध्या कसं चाललंय ते ओळख.

मी बरी नाही आणि बरी होणार नाही. डॉक्टरांनी दिवाळखोराकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि ह्यांना बाहेर बोलावलं. परत आत आल्यावर हे म्हणाले, अशक्तपणा आहे. मी म्हटलं, हो का. तेव्हापासून हे माझ्यापासून लपवतात आणि मला ठाऊक आहे हे मी त्यांच्यापासून लपवते. एका खोलीत दोन म्हातारी माणसं लपंडाव खेळतायत. मला खालच्या खोलीत आणलंय, जिन्याचं नाव काढायला नको म्हणून. खिडकीतून चर्चचं दार दिसतं. कोण उशिरा येतं ते सगळं कळतं.

माझं दुखणं सोसेल, पण ह्यांचं मला बघवत नाही. हे उपासना घेतात ती गाडीचं वेळापत्रक वाचल्यासारखी. घरात प्रार्थना बंद आहे. जेवणाआधी नुसते डोळे मिटतात आणि मी मोजते, आमेन म्हणेपर्यंत ओठसुद्धा हलत नाहीत. मला धीर द्यायला लागले की स्वर्गातल्या वीणा आणि फुलं सांगतात. मला वीणा नको गं. जन्मभर चर्चची बाजाची पेटी ऐकली तेवढी पुरे. मला माझी माणसं हवीत आणि पाय हवेत. माझ्या मातीला हे उभे राहतील आणि जे तोंडाने म्हणतील ते पोटात नसेल, याची मला मरणापेक्षा भीती वाटते. त्यानंतर हे जगतील कशावर?

तुझं भांडण मी वाचलं आणि कित्येक महिन्यांनी पोटभर हसले. हसताना दुखलं. म्हणून तुला काम सांगते.

सोबत कापड पाठवते. हिरवं आहे, बारीक ठिपक्यांचं. चांगल्या प्रसंगाला शिवू म्हणून ट्रंकेत ठेवलं होतं आणि चांगला प्रसंग आला की वाटायचं, याहून चांगला येईल. आता हाच. मयताला पांढरंच हवं असं चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतील. म्हणू देत. मला पाठ लाव, आणि बटणं मागेच लाव, पुढे नको. आमचं लग्न झाल्यापासून दर रविवारी माझ्या मागची बटणं ह्यांनी लावली आहेत. उपदेशाची टिपणं तोंडात धरून लावायचे. शेवटची पण त्यांनीच लावावीत. एक खिसा ठेव, रुमाल राहील एवढा. तिथे कुणी रडत नाही म्हणतात, पण भेटल्या भेटल्या थोडं होणारच.

मापाचं लिहिते ते नीट बघ. तुझ्याकडे माझं जुनं माप असेल, तुझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात तू शिवला होतास त्या झग्याचं. तेच लाव. आज मी त्याच्या अर्धी उरले आहे. काखेखाली हाडं लागतात. पण आजारातलं माप लावायचं नाही, बजावून सांगते. आजाराने खाल्लं ते मी त्याला देऊन टाकलेलं नाही. उठेन तेव्हा भरलेली उठेन, आणि तेव्हा झगा आवळ झाला तर तुझी खैर नाही.

तू येऊ नकोस. इथे रडायला बायका ढिगाने आहेत, शिवणारी एकच आहे. तुझ्या नवऱ्याला काही निरोप असेल तर झग्यासोबत कळव. मी विसरणार नाही.

थोरली


१३ मार्च

भाऊजींना आणि जाऊबाईंना,
सप्रेम सलाम.

हे पत्र दोघांना आहे. लपंडाव संपला. भाऊजी, जाऊबाईंना सगळं ठाऊक आहे, पहिल्या दिवसापासून. जाऊबाई, आता रागावू नका, तुम्ही मला गुप्त ठेव असं लिहिलं नव्हतं.

तुम्ही रुसलात असं समजून मी तुम्हाला टोमणे मारले, त्याबद्दल काय लिहू? कापड पुढ्यात घेऊन मी एक अख्खा दिवस नुसती बसले. मग उठले आणि खडूने आखलं.

झगा सोबत आहे. भाऊजी, अंगाला धरून बघाल तेव्हा तुम्हाला वाटेल की धाकटीचे डोळे गेले. खांदे उतरतील, कमरेला दोन मुठी जातील, बाह्या बोटांवर येतील. चुकलेलं नाही. ते जाऊबाईंचं माप आहे, नणंदेच्या लग्नातलं. आत दोन्ही बाजूंना आणखी दोन बोटं कापड दाबून ठेवलं आहे, लागलं तर उसवून वाढवता येतं. एवढं सैल मी कधी कुणाला शिवलेलं नाही. कुणी टाचणी घेऊन पुढे आलं तर जाऊबाईंच्या मनात काय आहे ते सांगण्याची पाळी तुमच्यावर येईल. मी तिथे नसेन.

तुम्हाला मी मागे वाटेल तसं बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान असंही तुमच्याबद्दल मनात म्हणाले, ते आता लिहून टाकते म्हणजे पोटात राहायला नको. पण भांडण मागे घेत नाही. तुम्हाला प्रार्थना होत नसेल तर करू नका. शिव्या येत असतील तर त्या द्या, वर तोंड करून द्या. ज्याला द्याल तो कानाचा धड आहे. फक्त असे मिटल्या ओठांनी बसू नका. जाऊबाई मोजतात.

जाऊबाई, निरोप असा. ह्यांना म्हणावं, मी अजून चिडलेली आहे. शेवटच्या दिवशी मला दुकानात पाठवलंत आणि तेवढ्यात गेलात, हे मी विसरलेले नाही. त्याचा जाब मी समोर येऊन विचारणार आहे, तेव्हा तयारीत राहा. आणि म्हणावं, मशीन खिडकीपाशी ठेवलंय, उजेड चांगला येतो.

खिसा उजवीकडे आहे. आत तुमच्यासाठी रुमाल घातला आहे.

तुमची,
धाकटी


६ एप्रिल

प्रिय धाकटीस,

थोरली शुक्रवारी सकाळी गेली. तार तुला मिळालीच. तू यायला निघाली होतीस आणि वाटेत पुलाचं काम निघालं म्हणून परत फिरलीस, हे कळलं. वाईट वाटून घेऊ नकोस. तिने तुला येऊ नको म्हटलं होतं आणि तिचं म्हणणं या घरात नेहमीच खरं होत आलं आहे.

झगा पोचला तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. तिने आधी खिसा तपासला. मग काजं तपासली, एकूण एक. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कळलं ना आता तुम्हाला?’ मी हो म्हटलं. त्या दिवसापासून आम्ही खरं बोलू लागलो. मला दोन-अडीच आठवडे मिळाले. तुझ्या चहाडखोरपणामुळे मिळाले. तिने मला मातीच्या उपासनेत कुठली गीतं नकोत ते सांगितलं. घरातली कुठली वस्तू कुणाला द्यायची ते सांगितलं. मी तिला सांगितलं की माझ्या आत काहीच उरलेलं नाही, मी प्रार्थनेला बसतो आणि भिंत लागते. ती म्हणाली, ‘मग भिंतीवर डोकं आपटा, पण तिथेच बसा.’ तू शिव्या दे म्हणून लिहिलं होतंस. मी दिल्या. एका दुपारी रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून, मोठ्याने. झाडणारी बाई दारातच थबकली आणि केरसुणी घेऊन परत गेली. मला बरं वाटलं नाही. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी कुणाशी तरी बोलत होतो. हवेशी माणूस इतकं भांडत नाही.

मातीला काय बोललो ते तुला इतर लोक कळवतील. बरं बोललो म्हणतात. पण तुला जे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं आहे.

तिला आंघोळ घालून झगा चढवला तेव्हा खोलीत मंडळीतल्या चौघीजणी होत्या. मी दाराबाहेर उभा होतो. आत कुजबुज ऐकू आली. मग एकीने दार किलकिलं केलं आणि म्हणाली, ‘पाळकसाहेब, शिवणारीने मापात घोळ केलाय. दोन बायका मावतील एवढा झगा आहे. आम्ही मागून टाचण्या लावून चापून बसवतो, पेटीत कळायचं नाही.’ तिच्या ओठांत टाचण्या होत्या.

मी आत गेलो. त्या हिरव्या कापडात ती एवढीशी दिसत होती, धाकटे. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर. गळा खांद्यावरून उतरलेला. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या पोटात काहीही नव्हतं. हे एवढं उरलंय आणि हे मातीत जाणार, एवढंच दिसत होतं. एक शब्द बोललो नसतो तर त्यांनी टाचण्या लावल्या असत्या, झगा अंगाबरोबर झाला असता, सगळं नीटनेटकं दिसलं असतं आणि कुणी मला काही विचारलं नसतं.

मग मी म्हणालो, ‘टाचण्या काढा.’

ती बाई म्हणाली, ‘पण साहेब, हे हिचं माप नाही.’

मी म्हणालो, ‘हेच हिचं माप आहे. आज जी दिसते ती आजाराने केलेली आहे. ही यात भरणार आहे.’

बोलताना माझा आवाज चढला होता. चौघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी बोललो ते त्यांना ऐकवायला नव्हतं आणि थोरलीलाही नव्हतं. मी मरणाला तोंडावर सांगत होतो, आणि सांगता सांगता मला कळलं की मला हे म्हणायचं आहे, नुसतं म्हणावं लागत नाहीये. एकीने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

पडलेल्या माणसाची मागची बटणं लावता येत नाहीत. मी तिला उठवून बसवलं, माझ्या छातीशी टेकवलं आणि तिच्या खांद्यावरून वाकून बटणं लावली. मानेपासून खालपर्यंत, एकही न गाळता. माझी बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, म्हणून वेळ लागला. घंटा होऊन गेली होती आणि मंडळी बाहेर उभी होती. त्यांना थांबावं लागलं.

तुझा,
भाऊजी